थांबव, मांगं घे

गाणं लागलं की काही माणसं गुणगुणतात, काही पाय हलवतात, काही डोळे मिटून आपल्याला संगीतातलं कळतं असा चेहरा करतात. आणि दर कॉलनीत एक माणूस असा असतो, जो रिमोट शोधायला लागतो. आवाज वाढवायला नव्हे, गाणं थांबवायला.

आमच्या ऊर्जानगरातल्या, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीतल्या, या गृहस्थांना पोट्टे 'पॉजभाऊ' म्हणतात आणि आता मोठेही तेच म्हणतात. भाजीवाल्यानं एकदा त्यांच्या सुनेला "पॉजभाऊच्या घरच्या ना तुम्ही?" असं विचारलं, तेव्हा तिनंही निमूट मान हलवली. ठेंगणी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात एक पेन आणि एक टेस्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, क्वार्टर आता मुलाच्या नावावर आहे, पण टेस्टर काही खिशातून गेला नाही. त्याचा विजेशी संबंध मात्र संपला. पडद्यावर थांबवलेल्या चित्रात नेमकं कुठं पाहायचं ते दाखवण्यासाठी तो वापरला जातो. जुन्या जाड काचेच्या टीव्हीवर ही टकटक खपून गेली. पातळ टीव्ही आल्यापासून टेस्टर बाहेर निघाला की काकू सोफ्यावरून अर्ध्या उठतात. "अवो, फुटन ना जी तो!"

कार्यक्रम ठरलेला. गाणं सुरू होतं, नायिका वळते, पॉजभाऊंचा हात वर जातो. "थांबव. मांगं घे. अजून उलीसं. हां, बस, इथंच." मग शांतता. चहा निवतो. मग प्रश्न येतो, आणि तो नेहमी एकच असतो. "आता सांग, ट्रॉली कोण ओढून राह्यलं?"

नवखा पाहुणा गोंधळतो. कुठली ट्रॉली? इथं तर शाहरुख खान आहे.

"तो त दिसूनच राह्यला. जो दिसून नाही राह्यला, त्याचं विचारून राह्यलो मी."

कॅमेरा जेव्हा असा अलगद सरकत पुढं येतो तेव्हा खाली लोखंडी रूळ असतात, रुळांवर चाकांचा पाट, पाटावर कॅमेरा आणि कॅमेरामन, आणि तो पाट ढकलणारा एक घामेजलेला माणूस. हिरो चालला की त्यानं चालायचं, हिरो थांबला की थांबायचं, आणि धक्का म्हणून लागू द्यायचा नाही. शेजारी आणखी एक जण भिंगाची कडी फिरवत असतो. हिरो कुठं येणार, तिथं कडी किती फिरवायची, हे आधी टेप लावून मोजून ठेवलेलं असतं. त्याचा हात जरासा चुकला की हिरोचं नाक स्पष्ट आणि डोळे धूसर. हे सगळं पॉजभाऊ अशा आपुलकीनं सांगतात की ही माणसं त्यांच्याच शिफ्टला होती असं वाटावं. पाहुण्याला खरं म्हणजे गाणं ऐकायचं असतं. ते राहून जातं.

शिफ्टवरूनच हे सगळं आलं असावं असा माझा अंदाज आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला, आणि त्यानंतर लवकरच पॉजभाऊ इथं लागले ते कंट्रोल रूममध्येच म्हातारे झाले. 210 मेगावॅटचे संच त्यांनी चालवले, 500 चे येताना पाहिले, जुने पहिले दोन कायमचे बंद झालेलेही पाहिले. पॅनेलसमोर बसणाऱ्याचं सारं शिक्षण एकाच प्रश्नावर होतं. युनिट ट्रिप झालं की ढीगभर दिवे एकदम लागतात, भोंगे वाजतात, वरून फोन येतात, आणि अशा वेळी थंड डोक्यानं शोधायचं असतं, की पहिला दिवा कोणता लागला? ड्रमची पातळी घसरली म्हणून बॉयलर बंद पडला, की बॉयलर बंद पडला म्हणून पातळी घसरली? बाकीचे दिवे नुसते त्याच्या सोबतीला पेटलेले असतात.

या वळणाचा माणूस गाण्यासमोर बसवला तर तो दुसरं काय करणार? ढोलकीवर थाप पडली आणि चित्र बदललं. पण आधी काय? थाप की चित्र? पॉजभाऊ गुडघ्यावर बोट आपटत हिशेब लावतात. बरोबर थापेवर चित्र तोडणारा संकलक त्यांच्या मते शिकाऊ. थापेच्या एक-दोन फ्रेम आधी तोडतो तो पक्का, कारण डोळ्याला नवं चित्र ओळखायला उलीसा वेळ लागतो आणि तेवढ्यात थाप येऊन पोचते. आम्ही मान डोलावतो. एक-दोन फ्रेम कोण मोजायला बसलंय?

तेही बसलेत. आणि फ्रेमचा विषय निघाला की भाऊंचा आवाज चढतो. "आपल्या टीव्हीत सेकंदाले 25 चित्रं काऊन? 30 काऊन नाही?" याचं उत्तर कोणी देऊ नये अशी त्यांची इच्छा असते आणि आम्ही ती पाळतो. आपली वीज 50 हर्ट्झची. टीव्हीची पद्धत बसवली तेव्हा चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळवून घेतला, नाहीतर पडद्यावरून पट्टे सरकत राहायचे. एक चित्र दोन हप्त्यांत रंगवायचं, म्हणून 50 चे 25. अमेरिकेत वीज 60 ची, म्हणून त्यांची चित्रं 30. आता ही 50 येते कुठून? टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे मारतं, त्याला 60 नं भागा. भागाकार टेस्टरनं हवेत होतो. तात्पर्य असं, की छायागीत आणि चित्रहार हे दोन्ही कार्यक्रम मुळात ऊर्जानगरातून चालत होते. मुंबई-दिल्लीहून नुसती गाणी यायची.

हा नाद कधी लागला याबद्दल घरात मतभेद आहेत. ते स्वतः 15 ऑगस्ट 1988 ही तारीख सांगतात. त्या दिवशी लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण संपल्यावर दूरदर्शननं 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा दाखवलं. भीमसेन जोशी धबधब्यापाशी गात आहेत, सगळा देश भारावलेला, आणि आमच्या भाऊंच्या डोक्यात एकच किडा, की एवढं पाणी कोसळून राह्यलं, त्याचा आवाज काऊन नाही? कोणीतरी सांगितलं की गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतं, मग डोंगरात ते वाजवून त्यावर ओठ हलवायचे. भाऊ त्या दिवशी म्हणे जेवले नाहीत. मग पुढच्या वेळी गाणं लागलं तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि नुसते ओठ पाहिले. आवाज बंद करून गाणी पाहण्याची पद्धत घरात तेव्हापासून आहे.

काकूंच्या मते रोग जुना आहे. "अंतरपाट धरला होता तवा बी हे मले नाही पाहून राह्यले, फोटोवाल्याले पाहून राह्यले होते." अल्बम पुराव्यादाखल कपाटात आहे. खरोखरच एकाही फोटोत नवरदेवाची नजर नवरीकडे नाही. तो थेट भिंगात पाहतो आहे, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा.

व्हीसीआरच्या जमान्यात गावातल्या एका व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं भाऊंसाठी वेगळं डिपॉझिट ठेवलं होतं, आणि त्याचंही बरोबर होतं. कॅसेट पॉज केली की फीत जागच्या जागी थांबते, पण हेड फिरतच राहतं आणि त्याच चार बोटं फितीवर घासत बसतं. भाऊंनी परत केलेल्या कॅसेटमध्ये ऐन मोक्याच्या ठिकाणी पांढऱ्या रेघा उमटलेल्या असत. कॉलनीतली जाणती मंडळी त्या रेघांना शिव्या देत नसत. रेघा आल्या की समजायचं, इथं क्रेन आहे.

गंमत म्हणजे या माणसाला एकाही गाण्याचे शब्द येत नाहीत. चालही येत नाही. अंताक्षरीत त्यांना घेणारा गट हरलाच म्हणून समजा. 'म' आला तर मदतीला म्हणून "मिडशॉट" असं कुजबुजतात. गाणी ते कामावरून ओळखतात, म्हणजे क्रेनवालं, आरशावालं, आगगाडीवालं. आगगाडीवाली दोन. पहिलं 1998 च्या 'दिल से' मधलं 'छैंया छैंया', निलगिरीच्या डोंगरातल्या खऱ्या गाडीच्या टपावर चित्रित केलेलं, कॅमेरा संतोष सिवन यांचा. सगळं गाव मलाइका अरोराकडे बघत होतं तेव्हा भाऊंना काळजी वेगळीच होती. "नाचणाऱ्याले बोगदा येताना दिसते. कॅमेरावाल्याची पाठ असते ना बोगद्याकडं!"

दुसरी गाडी 'आराधना'ची, 1969 ची. तिच्यापायी एका समारंभाचा बेरंग होता होता वाचला.

कॉलनीतल्या एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. हॉलमध्ये पडदा, पडद्यावर 'मेरे सपनों की रानी', पडद्यापुढं नवरोजी खुर्ची उलटी करून जीप चालवताहेत, वहिनी पुस्तक तोंडासमोर धरून खिडकीत बसल्यात. टाळ्या, शिट्ट्या. भाऊंना प्रोजेक्टरशेजारी बसवलं ही संयोजकांची घोडचूक. ऐन बहरात चित्र थांबलं आणि टेस्टर निघाला. "खिडकीच्या मांगचा डोंगर पहा. डब्याच्या उजेडाशी त्याचा मेळ बसून राह्यला का?" मग जमलेल्या दीडेकशे माणसांना कळलं की शर्मिला टागोर या गाण्यासाठी दार्जिलिंगला गेल्याच नव्हत्या. त्यांच्या तारखा सत्यजित राय यांच्या चित्रपटाला दिलेल्या होत्या. राजेश खन्ना आणि सुजित कुमार तिकडे रुळांशेजारून जीप हाकत होते. बाईंचं काम नंतर स्टुडिओत झालं, खोट्या डब्यात, मागच्या पडद्यावर डोंगर सरकवून. "म्हंजे सांगायचं असं, का ह्या गाण्यात दोघं एकमेकांले दिसलेच नाहीत."

हॉल चिडीचूप. केकची सुरी अर्ध्यावर. तेव्हा उत्सवमूर्ती वहिनी पुस्तक खाली ठेवत म्हणाल्या, "आमचं तरी काय वेगळं झालं? यांची नाईट, माझी सकाळची शाळा."

त्या हशावर केक कापला गेला. भाऊंना मात्र लोक का हसले ते कळलं नाही. त्यांना वाटलं बॅक प्रोजेक्शनला हसले.

काही गोष्टी ते नुसत्या सांगत नाहीत, करून पाहतात, आणि तिथून घरच्यांचे हाल सुरू होतात. गुरुदत्तचा 'कागज के फूल', 1959 सालचा, सिनेमास्कोपमधला आपला पहिला चित्रपट. त्यातल्या 'वक्त ने किया' मध्ये अंधाऱ्या स्टुडिओत वरून उजेडाचा एक जाड झोत खाली उतरतो. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी तो झोत दिव्यानं केलाच नाही. एक मोठा आरसा बाहेर उन्हात, दुसरा आत उंचावर. बाहेरच्यानं ऊन आत फेकायचं, आतल्यानं ते खाली वळवायचं, आणि झोत डोळ्यांना दिसावा म्हणून हवेत थोडा धूर. जन्मभर वीज केलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते. "एक युनिट जळलं नाही," असं ते म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि जळफळाट किती ते ठरवता येत नाही.

मे महिना होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 ला टेकतो. ऊन फुकट आणि हवं तेवढं. दुपारी तीनला काकूंच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा अंगणात खुर्चीवर उभा राहिला, न्हाणीतला आरसा नातवाच्या हातात आला, देवघरातलं धुपाटणं पेटलं. झोत पडला आणि खरोखर देखणा पडला. मी स्वतः पाहिलाय. घरातल्या जुन्या पंख्याची सावलीसुद्धा सिनेमातल्यासारखी दिसायला लागली. फक्त सूर्य काही कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. झोत भिंतीवरून सरकत सरकत कूलरसमोर आडव्या झालेल्या काकूंच्या तोंडावर आला. त्या दचकून उठल्या. "मी काय पापड हावो का जी, उन्हात टाकून राह्यले?"

"हलू नको, हलू नको! केसाच्या कडेनं काय सुंदर उजेड पडून राह्यला!"

लग्नाला चाळीसेक वर्षं झाल्यावर नवऱ्यानं केसांची तारीफ केली ती ही अशी. काकूंनी आरसा जागेवर नेला, पण मला वाटतं, फार रागानं नेला नाही.

थिएटरात मात्र त्यांची दया येते, कारण तिथं थांबवायची सोय नाही. 2016 साली आम्ही सगळे 'सैराट' पाहायला गेलो. 'झिंगाट'ला पब्लिक खुर्च्या सोडून नाचत होतं आणि भाऊ अंगठ्यानं खुर्चीचा हात दाबत होते, पुन्हा पुन्हा, बटण असल्यासारखा. बाहेर आल्यावर पोट्ट्यांचे डोळे शेवटानं ओले, आणि यांची बडबड सुरू. विहीर करमाळ्याकडची, ट्रॅक्टर तिकडचाच, आणि व्हायोलिनं वाजली लॉस एंजेलिसला. "आर्ची शेतात, वाद्यं अमेरिकेत, अन् जोडून दिलं कोणं? एक टेबलावर बसलेला माणूस हाय मधात. त्याचं नाव वाचलं का कोणी?" नावं वरून खाली सरकत असताना संपूर्ण थिएटरात एकटे भाऊ बसून होते. झाडूवाला त्यांच्या पायाशी येऊन थांबला होता.

झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल त्यांना आदर आहे तो याच हिशेबानं. वडशाच्या कंपनीचं नाटक दिवाळीनंतर गावोगाव लागतं, रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. "कट नाही, रिटेक नाही. रातभराचा वन-टेक."

पुण्याचा एक भाचा त्यांना परदेशी गाण्यांचे व्हिडिओ पाठवतो. हा भाचा काकूंचा नावडता आहे. त्याच्यामुळे भाऊंच्या घरी फ्रिजचं खोकं तीन आठवडे दिवाणखान्यात पडून होतं. जॅमिरोक्वायच्या 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' या 1996 च्या गाण्यात जमीन सरकताना दिसते, पण खरं म्हणजे जमीन जागेवर असते आणि भिंती सरकतात, कॅमेरा भिंतीला जोडलेला, हे सिद्ध करायचं होतं. खोक्यात मोबाइल चिकटवला, आत नातवाची खेळण्यातली खुर्ची ठेवली, खोकं ढकललं. खुर्ची चालली. मोबाइलही पडला, तो भाग वेगळा.

पण सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो कोल्डप्लेचा. या लोकांचं 'यलो' नावाचं गाणं आहे. गायक समुद्रकाठी चालतो आहे, सगळं संथ, पण ओठ मात्र गाण्याशी जुळतात. युक्ती अशी, की कॅमेरा सेकंदाला 50 चित्रं टिपतो आणि गायक दुप्पट वेगानं लावलेल्या गाण्यावर ओठ हलवतो. नंतर चित्र निम्म्या वेगानं सोडलं की चाल संथ आणि ओठ बरोबर. 50 हा आकडा ऐकूनच भाऊ खूश. त्याच टोळीचं दुसरं गाणं 'द सायंटिस्ट'. त्यात गोष्ट उलटी चालते, माणूस मागं मागं जातो, तरी ओठ सुलटे. कारण त्या पठ्ठ्यानं अख्खं गाणं उलटं म्हणायला पाठ केलं होतं.

झालं. नातवाला शाळेची प्रार्थना उलटी शिकवण्याचं काम सुरू झालं. सून रडकुंडीला आली. प्रार्थना काही होईना तेव्हा नुसतं उलटं चालायचं ठरलं, आणि कलाकार म्हणून भाऊ स्वतः उभे राहिले. संध्याकाळचा उजेड चांगला, म्हणून सहा-साडेसहाची वेळ. कॉलनीचा झाडीकडचा रस्ता. नातू मोबाइल धरून, आजोबा पाठमोरे चालत निघालेले.

ऊर्जानगरात ही वेळ आणि हा रस्ता म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागेल. ताडोबाचं जंगल फार लांब नाही. राखेच्या आणि झुडपांच्या या पट्ट्यात वाघ-बिबट येतात, अस्वल येतं. 2022 च्या फेब्रुवारीत ऊर्जानगर-दुर्गापूर भागात लागोपाठ दोन दिवसांत दोन बळी गेले, एक कामगार आणि एक शाळकरी पोरगा. तेव्हापासून अंधार पडायच्या आत पोरं घरात, हा कॉलनीचा कायदा आहे. सिक्युरिटीवाला शिटी वाजवत धावत आला.

"काका, काय करून राह्यले?"

"शूटिंग."

"बिबट मांगून आला तर?"

"मी मांगंच चालून राह्यलो ना," भाऊ म्हणाले, "समोर असतो तो मले."

सिक्युरिटीवाला यावर खरंच विचारात पडला. तेवढ्यात काकू येऊन दोघांनाही घेऊन गेल्या, सरळ दिशेनं.

इतकं सगळं ऐकून वाटेल, माणूस कोरडा आहे. माझंही काही काळ तेच मत होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची फीत आमच्याकडे एकदा लागली होती. पाठवणीचा भाग आला. पोरगी रडते आहे, काकू रडताहेत, मामा, आत्या, शेजारीपाजारी सगळे चौकटीत आहेत. बाप कुठंच नाही. माझ्या बायकोनं विचारलं, "भाऊ, तुम्ही कुठं होता हो?"

त्यांनी थांबवलं. मागं घेतलं. उलीसं अजून. व्हिडिओवाल्याचा लाइट धरणारा पोऱ्या नेमका तेव्हा जेवायला बसला होता म्हणे, आणि अंधार तर पडलेला. भाऊंनी टेस्टर काढला, पण पडद्याला टेकवला नाही. थोडा दूरच धरला.

"हा पोरीच्या तोंडावर उजेड पडून राह्यला ना, तो मी."

मग त्यांनी पुढं लावलं आणि जनरेटरच्या खर्चाबद्दल बोलत राहिले.

गेल्या गणपतीत महिला मंडळाला आपल्या नाचाचा व्हिडिओ हवा होता. पोट्टे म्हणाले ड्रोन आणू. पण प्रकल्पाच्या परिसरात ड्रोन उडवायची परवानगी मागायला जाणार कोण? दुसरे म्हणाले मोबाइल उभा धरून रील काढू. उभ्या चित्राचं नाव काढताच भाऊंनी कपाळाला हात लावला. "देवानं डोळे आडवे देल्ले ना बाप्पा, एकावर एक देल्ले का?" शेवटी दिग्दर्शन त्यांच्याकडेच आलं. ठरलं ते असं, की एकच शॉट, कट नाही, मंडपापासून निघून पूर्ण ओळीला वळसा घालून परत मंडपात. ट्रॉली? भाजीवाल्याचा ठेला. त्याची चाकं रबरी, रस्ता बरा, आणि ठेलेवाल्याचा हात वर्षानुवर्षं टोमॅटो न सांडता फिरण्यात तयार झालेला. ठेल्यावर भाजी तशीच राहू दिली, वजनानं ठेला हलत नाही म्हणून. भाजीच्या मधोमध भाऊ मांडी घालून, मोबाइल आडवा धरून.

व्हिडिओ अप्रतिम झाला. खरं सांगतो. बायका दारादारातून निघून नाचात मिसळत जातात, कॅमेरा त्यांच्यामधून वाहत जातो, कुठं हिसका नाही. फक्त तिसऱ्या क्वार्टरपाशी ठेलेवाल्याला सवयीनं राहवलं नाही आणि ऐन ढोलावर त्याची हाक आली, "सांबार घ्या, सांबार, दहाले जुडी!" आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पश्चिमेकडच्या वाचकांसाठी.

शेवटी नावं. पहिलं नाव ठेला ढकलणाऱ्याचं, मोठ्या अक्षरात, एकटं. मग चहा करणाऱ्या काकू. मग वायर धरणारा, रस्त्यातली सायकल बाजूला करणारा, बिबट्यावर लक्ष ठेवणारा सिक्युरिटीवाला, धुपाटणं देणारी सून. नाचणाऱ्या बायकांची नावं फार खाली आली, त्यावरून मंडळात थोडी कुरबुर झाली. गाणं चार मिनिटांचं आणि नावं त्याहून लांब.

दिवाळीच्या तोंडावर ठेलेवाला भाऊंच्या दारात उभा राहिला. व्हिडिओ त्यानं गावाकडे सगळ्यांना पाठवला होता, नाव पाहून आई खूश होती. फक्त एक विनंती होती. सांबार आता वीसले जुडी झाला, तर तेवढा दहाचा आवाज कापून द्याल का?

"नाही जमत बाप्पा," भाऊ म्हणाले. "वन-टेक हाय."

तेव्हापासून आमच्या ओळीतल्या बायका ठेला आला की मोबाइल काढतात, व्हिडिओ तिसऱ्या क्वार्टरपाशी थांबवतात आणि दहालेच जुडी मागतात.